वाटी जागेवर बसली, म्हणजे गुडघा बरा झाला?

काही दिवसांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ मुलीची फाइल घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगी सोळा वर्षांची, कबड्डी खेळणारी. चढाई करताना गर्रकन वळली आणि डाव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. मैदानावरच पाय सरळ केल्यावर ती जागेवर आली. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. एक्स-रे झाला, एमआरआय झाला आणि आठवड्याच्या आत ऑपरेशनची तारीखही मिळाली. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत पडलं, "सुट्टीत उरकून टाका, पुढे लग्नाच्या वेळी भानगड नको." वडिलांनी मला विचारलं, "डॉक्टर, पंच्याण्णव टक्के गॅरंटी आहे म्हणतात. मग करून टाकायला काय हरकत आहे?"

मी त्यांना उलट विचारलं, "पंच्याण्णव टक्के गॅरंटी कशाची?"

त्यांना सांगता येईना. चूक त्यांची नाही, कारण ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ती गॅरंटी होती वाटी पुन्हा सरकणार नाही याची. मुलगी चाळिशीत जिना दुखण्याशिवाय चढेल, मांडी घालून बसेल, याची गॅरंटी त्यात नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशंटसमोर त्या सर्रास एकच म्हणून मांडल्या जातात. माझा आक्षेप त्यालाच आहे.

आधीच सांगतो, मी हाडांचा सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशन कसं करावं हे सर्जनला शिकवायचा मला अधिकार नाही. पण ऑपरेशननंतर वीस वर्षांनी पेशंट सर्जनकडे जात नाही. तो माझ्यासारख्याकडे येतो. ब्लड प्रेशरसाठी, शुगरसाठी, वाढलेल्या वजनासाठी. खोदून विचारलं की त्या वजनामागे न चालणारा गुडघा सापडतो. म्हणून हे लिहितो आहे.

वाटी सरकते तेव्हा काय होतं?

गुडघ्याची वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या टेंडनमध्ये बसलेलं छोटं हाड. पाय वाकवला की ती मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरच्या एका खाचेतून वरखाली सरकते. विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशी. दोर रहाटाच्या खाचेत राहिला तर काम सुरळीत चालतं.

काही जणांची ही खाच जन्मतःच उथळ असते, कधी कधी जवळजवळ सपाट. काहींची वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असते. काहींच्या नडगीच्या हाडावरचा उंचवटा, जिथे वाटीखालचा टेंडन चिकटतो, तो बाहेरच्या बाजूला असतो. काहींचे सगळेच सांधे सैल असतात. अशा गुडघ्यात जरा चुकीचा पीळ बसला की वाटी बाहेरच्या बाजूला निसटते आणि तिला आतून धरून ठेवणारं लिगामेंट, ज्याला डॉक्टर थोडक्यात एमपीएफएल म्हणतात, ते ताणलं जातं किंवा फाटतं. फ्रान्समधल्या लियों शहरातले सर्जन आंरी देजूर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली ही कारणं मोजमापांसकट मांडली. उथळ खाच हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण.

पण आपल्या विषयासाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. वाटी निसटताना आणि परत येताना तिची मागची बाजू हाडाच्या कडेवर आदळते. तिथे कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती नीट भरून येत नाही. त्या दिवशी तिला जे नुकसान होतं, त्याचा हिशोब पुढे वीस-पंचवीस वर्षांनी द्यावा लागतो.

एक यशस्वी ऑपरेशन

माझी एक पेशंट आहे, वय बेचाळीस. ती पहिल्यांदा आली ती ब्लड प्रेशर आणि थकव्यासाठी. जुना आजार विचारला तर म्हणाली, "सतराव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पण ते एकदम बरं आहे. वाटी परत कधीच सरकली नाही."

नंतर हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दिवसातून एकदाच खाली उतरायचं. पूजेला खुर्चीवर बसायचं. गावी गेलं की जुन्या पद्धतीच्या संडासाची धास्ती. दहा वर्षांत वजन अठरा किलोंनी वाढलेलं. आणि रोज एक, कधी दोन, दुखण्याच्या गोळ्या, परस्पर मेडिकलमधून आणलेल्या. मी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. गुडघा वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये वाटी आणि मांडीचं हाड यांच्यात फटच उरली नव्हती. हाड हाडाला टेकलेलं.

ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांच्या हिशोबात ही केस यशस्वी आहे, आणि त्यांच्या व्याख्येप्रमाणे ती आहेच, कारण वाटी सरकली नाही. बाकीचं त्यांना कळलंच नाही. ती परत गेली नाही आणि त्यांनी बोलावलं नाही.

एका पेशंटवरून सिद्धांत मांडू नये, हे मला ठाऊक आहे. हे दुखणं ऑपरेशनमुळे आलं की आधीच्या माराने, हे तिच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून अनेक पेशंटचा हिशोब जिथे ठेवला गेला, तिथे जाऊ.

हे आधीही घडलं आहे

१९३८ साली शिकागोचे सर्जन एमिल हाउजर यांनी एक ऑपरेशन मांडलं. नडगीच्या हाडावरचा तो उंचवटा कापून आतल्या बाजूला आणि खाली न्यायचा, म्हणजे वाटीची ओढ सरळ होईल. ऑपरेशन गाजलं, अनेक देशांत झालं. वाट्या सरकायच्या थांबल्या आणि सगळे खूश झाले.

पण नडगीचं हाड समोरून सपाट नसतं. ते आतल्या बाजूला मागे उतरत जातं. उंचवटा आत नेला की तो आपोआप मागेही जातो, आणि वाटी मांडीच्या हाडावर जास्त जोराने दाबली जाते. हा जास्तीचा दाब वर्षानुवर्षं, प्रत्येक पायरीला पडत राहतो. १९७६ साली न्यूयॉर्कच्या क्रॉस्बी आणि इन्सॉल या सर्जननी अशा पेशंटचे दीर्घकाळाचे निकाल प्रसिद्ध केले. हाउजर पद्धतीने ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांत झीज वारंवार दिसली. ज्यांचं हाड न कापता फक्त मऊ भागांवर काम केलं होतं, त्यांच्यात ती कमी होती. म्हणजे वाटी जागेवर राहिली आणि सांधा गेला. हे कळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

दुसरं उदाहरण बाहेरच्या बाजूचा घट्ट पडदा सैल करण्याच्या ऑपरेशनचं. दुर्बिणीने छोट्या छिद्रातून करता येतं, म्हणून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते फार लोकप्रिय झालं. १९८८ साली अमेरिकेतून अहवाल आला की काही पेशंटमध्ये वाटी आता उलट आतल्या बाजूला सरकू लागली आहे. सरकणाऱ्या वाटीसाठी नुसतं एवढंच ऑपरेशन करू नये, असं आज सर्जन स्वतःच सांगतात.

ही ऑपरेशनं करणारे अडाणी नव्हते, लबाडही नव्हते. त्यांनी फक्त चुकीची गोष्ट मोजली, आणि मोजणी लवकर थांबवली.

पहिल्यांदाच सरकली असेल तर?

त्या मुलीसाठी कळीचा प्रश्न हाच होता. फिनलंडमध्ये याचा चांगला अभ्यास झाला आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांमध्ये पहिल्यांदा वाटी सरकल्यावर काहींचं ऑपरेशन केलं, काहींचं नाही. कोणाचं करायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. मग त्यांच्यावर सरासरी चौदा वर्षं लक्ष ठेवलं. २००८ साली निकाल आला. ऑपरेशन न झालेल्यांत ७१ टक्के गुडघ्यांत वाटी पुन्हा सरकली होती. ऑपरेशन झालेल्यांत ६७ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखंच. "गुडघा चांगला आहे" असं म्हणणारे तर ऑपरेशन न झालेल्यांतच थोडे जास्त होते.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला, फाटलेलं लिगामेंट नुसतं शिवून मुळातला दोष जात नाही. खाच उथळ असेल तर ती उथळच राहते. दुसरा धडा ऑपरेशन नको म्हणणाऱ्यांसाठी, आणि तोही तितकाच कडू आहे. लहान वयात वाटी सरकली तर ती पुन्हा सरकण्याची शक्यता बरीच असते. "तेल लावा, पट्टा बांधा, आपोआप बरं होईल" हेही खोटं आश्वासनच आहे.

आजचं ऑपरेशन

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे सगळं जुनं झालं. बरोबर आहे. आज फाटलेलं लिगामेंट शिवत बसण्याऐवजी मांडीच्या मागच्या बाजूचा एक टेंडन घेऊन नवं एमपीएफएल बनवतात. १९९०च्या दशकापासून ही पद्धत रुळली आणि आधीच्या पद्धतींपेक्षा ती निश्चित चांगली आहे. बहुतेक अभ्यासांत नंतर वाटी पुन्हा सरकण्याचं प्रमाण शंभरात पाचाहून कमी आहे. "पंच्याण्णव टक्के" येतात ते इथूनच. आकडा खोटा नाही, अपुरा आहे.

तो अपुरा का, ते पाहा. २०१२ साली अशा २५ अभ्यासांतल्या ६२९ गुडघ्यांचा एकत्र हिशोब मांडला गेला. त्यात १६४ गुंतागुंती नोंदवलेल्या होत्या, म्हणजे सुमारे २६ टक्के. सगळ्या गंभीर नव्हत्या. पण त्यात गुडघा पुरता न वाकणं होतं, दुखणं होतं, वाटीचं हाड मोडणंही होतं. नवं लिगामेंट मांडीच्या हाडावर काही मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं किंवा जास्त ताणलं गेलं, तर वाटीची आतली बाजू प्रत्येक वेळी वाकताना दाबली जाते. म्हणजे हाउजरच्या ऑपरेशनचीच गोष्ट नव्या रूपात. वाटी घट्ट धरली जाते, आणि दाबाने कूर्चा झिजू लागते.

आता काळाचा मुद्दा. यातले बहुसंख्य अभ्यास दोन ते पाच वर्षांवर थांबतात. झीज मात्र इतक्या लवकर दिसतच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत वाटी सरकलेल्या ६०९ पेशंटची, तशा दुखापती न झालेल्या तेवढ्याच लोकांशी तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. वाटीमागच्या सांध्याची झीज दहा वर्षांनी जेमतेम २.७ टक्क्यांत. वीस वर्षांनी १४.८ टक्क्यांत. आणि पंचवीस वर्षांनी ४८.९ टक्क्यांत, म्हणजे जवळजवळ निम्म्यांत. दुखापत न झालेल्यांत हेच प्रमाण पंचवीस वर्षांनी ८.३ टक्के होतं.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. दहा वर्षांपर्यंत जवळजवळ सगळे ठीक. मग आलेख चढू लागतो आणि वीस वर्षांनंतर एकदम उसळतो. दोन वर्षांवर मोजणी थांबवणाऱ्याला यातलं काहीही दिसणार नाही. त्याचे पंच्याण्णव टक्के अगदी खरे असतील आणि तरीही निम्मे पेशंट चाळिशीत माझ्या दवाखान्यात जिन्याची तक्रार घेऊन येतील.

याच अभ्यासात झिजेचा धोका कोणाला जास्त होता? ज्यांची कूर्चा-हाड पहिल्या माराने दुखावलं होतं, ज्यांची वाटी वारंवार सरकत राहिली आणि ज्यांची खाच मुळात उथळ होती. म्हणजे वारंवार सरकू देणं हेही धोक्याचंच. वारंवार वाटी सरकणाऱ्याला चांगल्या सर्जनने केलेलं, नीट आखलेलं ऑपरेशन टाळायला सांगणारा डॉक्टर पेशंटचं नुकसानच करतो. मला "ऑपरेशन करू नका" असं म्हणायचं नाही. ऑपरेशन कशासाठी करतो आहोत आणि त्याने काय होणार नाही, हे खरं सांगा, एवढंच म्हणायचं आहे.

सर्जन मित्रांना

माझा एक सर्जन मित्र या विषयावर माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, "जुन्या ऑपरेशनचे निकाल आमच्या माथी मारू नकोस. आजच्या ऑपरेशनचे पंचवीस वर्षांचे निकाल यायला पंचवीस वर्षं लागणारच."

मान्य. पण ते आपोआप येणार नाहीत. त्यासाठी आजच्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवावी लागेल आणि दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी त्याला बोलवावं लागेल. स्वीडनने कृत्रिम गुडघ्यांची देशभराची नोंद १९७५ साली सुरू केली, आणि कोणता कृत्रिम सांधा किती वर्षं टिकतो हे त्यातून जगाला कळलं. सत्तरीतल्या आजोबांच्या गुडघ्यासाठी ही काळजी घेता येते, मग ज्या मुलीला तोच गुडघा आणखी साठ वर्षं वापरायचा आहे, तिच्यासाठी का नाही? आपल्याकडे टाके काढले की फाइल बंद होते. पेशंटने शहर बदललं, नंबर बदलला, संपलं. आणि जो परत आला नाही तो बरा झाला असं आपण धरून चालतो.

यात दोष आम्हा फॅमिली डॉक्टरांचाही आहे. "गुडघा दुखतो" म्हटलं की आम्ही गोळ्या लिहितो आणि जुनं ऑपरेशन विचारायला विसरतो. माझ्या त्या पेशंटच्या किडनीवर ताण येईपर्यंत तिला कोणीही एक एक्स-रे काढायला सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी विचारा

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. चांगला सर्जन रागावणार नाही, उलट नीट उत्तरं देईल.

१. माझी वाटी का सरकली? खाच उथळ आहे, वाटी वर आहे, उंचवटा बाहेर आहे की सांधे सैल आहेत? ती मोजमापं रिपोर्टमध्ये कुठे आहेत?

२. हाड-कूर्चेचा तुकडा सुटला आहे का? सुटला असेल तर पहिल्याच वेळीही लवकर ऑपरेशन लागू शकतं. तिथे वेळ घालवू नका.

३. पहिलीच वेळ असेल आणि तुकडा सुटलेला नसेल, तर आधी तीन-चार महिने मनापासून फिजिओथेरपी केली तर चालेल का?

४. मुलाची वाढ अजून सुरू आहे का? वाढीची पट्टी उघडी असताना नडगीचा उंचवटा कापून हलवला तर पुढे गुडघा उलटा वाकू शकतो, म्हणून त्या वयात ते ऑपरेशन टाळतात.

५. "यश" म्हणजे काय? वाटी न सरकणं, न दुखणं की पुन्हा खेळणं? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी घ्या.

६. पाच आणि दहा वर्षांनी तुम्ही मला तपासायला बोलवाल का?

ऑपरेशन झालेलं असो वा नसो, मांडीचे आणि कमरेचे स्नायू मजबूत ठेवणं आणि वजन आटोक्यात ठेवणं हे तुमच्याच हातात आहे. जिना चढताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त आणि पूर्ण उकिडवं बसताना सात-आठ पट दाब येतो, असं मोजलं गेलं आहे. पाच किलो वजन कमी झालं तर त्या कूर्चेवरचा किती भार हलका होतो, ते तुम्हीच मोजा. दुखण्याच्या गोळ्या रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका. लागतच असतील तर क्रिएटिनिन आणि ब्लड प्रेशर तपासून घ्या. आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. वीस वर्षांनंतरच्या डॉक्टरला ते लागतील.

त्या कबड्डीवाल्या मुलीचे वडील हे प्रश्न घेऊन सर्जनकडे परत गेले. एमआरआय पुन्हा नीट पाहिला गेला. तुकडा सुटलेला नव्हता, खाच थोडी उथळ होती. ऑपरेशनची तारीख रद्द झाली आणि फिजिओथेरपी सुरू झाली. वाटी पुन्हा सरकली तर ऑपरेशन करायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं. ती सरकेल की नाही हे आज मी सांगू शकत नाही, आणि सर्जननीही आता गॅरंटी दिलेली नाही. जाताना ती मुलगी म्हणाली, "काका, मला खेळायचंय, पण आजीसारखं कठड्याला धरून जिना चढायचा नाहीये."

पंच्याण्णव टक्क्यांच्या हिशोबात नेमकं तेच धरलेलं नाही. म्हणून तुमच्या घरात असा गुडघा असेल तर, "पुन्हा सरकेल का?" या प्रश्नानंतर थांबू नका. "वीस वर्षांनी हा गुडघा कसा असेल?" हेही विचारा.